पेडवे, मुडदुश्या आणि खाडीतले शेवटे : वेंगुर्ला ते देवगड

भाऊबीज आटोपली की सिंधुदुर्गात मासळी खायला जाण्याचे उत्तम दिवस सुरू होतात. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना बंदी असते, ऑगस्ट-सप्टेंबरात दर्या अजून उसळता असतो. ऑक्टोबर सरता सरता तो बसतो, रापणी (किनाऱ्यावरून माणसांनी ओढायची मोठी जाळी) पडायला लागतात आणि बांगडा, तारली, पेडवे किनाऱ्याजवळ येतात. दुपारी ऊन अजून चटके देतं, पण पहाटे वाऱ्यात गारवा असतो. थाळीतली सुरमई आणि पापलेट वर्षभर कुठेही मिळतात, त्यांच्यासाठी एवढा प्रवास करायची गरज नाही. हा दौरा होता तो या किनाऱ्यावर वाढलेल्या माणसाने लहानपणी घरात खाल्लेल्या मासळीसाठी: पेडवे, मुडदुश्या, वेरल्या, सौंदाळे, शेवटे, काळुंदर आणि मुळे नावाचे शिंपले. हे मासे संपले असं सर्रास म्हटलं जातं. त्यातले बहुतेक संपलेले नाहीत, ते फक्त हॉटेलच्या मेन्यूकार्डावर नाहीत. कोणत्या ठिकाणी, कोणत्या वेळी उभं राहायचं हे कळलं की ते मिळतात.

पहिला दिवस : वेंगुर्ला

कुडाळ स्टेशनावर उतरून सकाळी साडेआठच्या आत वेंगुर्ल्याच्या मासळी बाजारात पोचलं पाहिजे. दहा वाजता पुढच्या फळ्यांवर इसवण (सुरमईला इथे इसवण म्हणतात), सरंगे (पापलेट) आणि मोठी सुंगटं (कोळंबी) उरतात. छोटी मासळी ओळखीच्या गिऱ्हाइकांकडे केव्हाच गेलेली असते. ती कधीच पुढच्या फळीवर नसते. आतल्या बाजूला, जमिनीवर पाटी घेऊन बसलेल्या बायकांकडे वळायचं. इथे वजनकाटा कमी, वाटा जास्त. मुडदुश्यांचा वाटा, पेडव्यांचा वाटा, वेरल्यांचा वाटा.

मुडदुशी वीतभर लांबीची, गोल बांध्याची, वाळूच्या रंगाची. उथळ पाण्यात वाळूवर राहते, म्हणून वेंगुर्ला, शिरोडा, निवती या वाळूच्या किनाऱ्यांवर चांगली मिळते. ताजी मुडदुशी बोटावर आडवी धरली तर ताठ राहते, शिळी दोन्ही टोकांनी लोंबते. ही परीक्षा बांगड्यालाही लागू पडते. कल्ले उघडून लाल आहेत का बघणं सगळ्यांना माहीत असतं, पण बर्फातल्या मासळीचे कल्लेही बराच वेळ लाल दिसतात. डोळा जास्त खरं सांगतो. तो फुगीर आणि पारदर्शक हवा, आत गेलेला किंवा दुधाळ झालेला नको.

"सौंदाळे हत काय?" या प्रश्नावर पाटीवाल्या मावशींचं उत्तर असं: "आता खंयचे सौंदाळे! वर्साक चार-पाच येळाच गावतत, ते पण बारके." सौंदाळा हा चपटा, चंदेरी, लोण्यासारख्या मऊ मांसाचा मासा. बाळंतिणीला, आजाऱ्याला, दात नुकते आलेल्या पोराला पहिला मासा म्हणून हाच भरवत. ट्रॉलरची बारीक आसांची जाळी समुद्राचा तळ खरवडत जाते आणि अंडी घालण्याच्या वयाला न पोचलेली पिल्लं उचलते. सौंदाळ्याला हा मार फार बसला. यादीतल्या ज्या माशाबद्दल 'गेला' म्हणणं खरोखर रास्त आहे, तो हा.

मुडदुश्या एका घरगुती खानावळीत तळून मिळाल्या. अशा खानावळीत आपली मासळी करून देतात, पण दहाच्या आत नेऊन द्यावी लागते आणि आदल्या दिवशी फोन केलेला असावा. मुडदुशीचं मांस नाजूक, त्यामुळे तिथली पद्धत नीट लक्षात ठेवण्यासारखी आहे. खवले काढून, डोकं ठेवून, पोट साफ करायचं. अर्धा किलोला पाऊण चमचा मीठ, अर्धा चमचा हळद आणि चार आमसुलांचा दाट कोळ लावून फक्त दहा मिनिटं ठेवायचं. तासभर ठेवलं तर मीठ पाणी ओढून घेतं आणि मासा तव्यावर फाटतो. मग कपड्याने टिपून दोन चमचे मालवणी मसाला चोळायचा. घोळायला दोन भाग तांदळाचं पीठ आणि एक भाग बारीक रवा. नुसता जाडा रवा लावला तर मासा शिजून जातो तरी रवा कच्चाच राहतो. मध्यम आचेवर एका बाजूला चार मिनिटं, आणि तोवर उलथनं लावायचं नाही. खालची बाजू सुटी झाली की मासा आपण होऊन सरकतो, तेव्हाच उलटायचा.

दुपारनंतर मांडवी खाडीत महिला बचत गटाची कांदळवनातली होडीफेरी घेतली. होडी चालवणाऱ्या ताई कुर्ल्यांची बिळं, पाण्यावर उड्या मारणारे शेवटे आणि चिप्पीच्या उभ्या श्वासमुळ्या दाखवतात. कांदळवन तोडलं की खाडीतली मासळी का कमी होते हे तिथे डोळ्यांना दिसतं: बोटाएवढी पिल्लं त्या मुळ्यांच्या जंजाळातच लपलेली असतात. फेरी भरतीच्या वेळी घ्यावी, सुकतीला (ओहोटीला) होडी चिखलात बसते.

भरती-सुकतीचा हिशोब इथल्या कोणत्याही जाणत्या माणसाला तोंडपाठ असतो आणि प्रवाशाने तो शिकूनच निघावं. तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की भरती पूर्ण होण्याची वेळ निघते. तृतीयेला सव्वादोन, चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. पौर्णिमेनंतर पुन्हा एकपासून मोजायचं. त्याच्या सहा तास पुढेमागे पूर्ण सुकती. अर्धा-पाऊण तासाचा फरक पडतो, पण मुळे काढायला किंवा रापण बघायला जायचं असेल तर एवढं पुरतं.

दुसरा दिवस : निवती, भोगवे, देवबाग

रापणीची वेळ ठरलेली नसते. मासळीचं थवं दिसलं की होडी सुटते. पाण्याचा रंग बदलतो, वर घिरट्या घालणारे पक्षी एकाच जागी सूर मारायला लागतात, आणि किनाऱ्यावर बसलेला अनुभवी माणूस हाताने खूण करतो. निवतीला पहाटे साडेपाचपासून किनाऱ्यावर बसलेल्या एका आजोबांनी साडेसातपर्यंत खूण केली नाही. "पाणी निवळ हा. मासळी कडेक येवची नाय," एवढंच म्हणाले. त्यांचं बरोबर निघालं. निवतीची रापण त्या सकाळी पडलीच नाही.

भोगव्याच्या बाजूला नऊच्या सुमारास पडली. जाळ्याचं एक टोक किनाऱ्यावर माणसांच्या हातात देऊन होडी समुद्रात जाते आणि जाळं सोडत सोडत अर्धवर्तुळात फिरून दुसरं टोक शे-दीडशे पावलांवर पुन्हा किनाऱ्याला आणते. मग दोन्ही बाजूंनी माणसं दोर ओढायला लागतात. दोर कमरेला लावून मागे चालत जायचं, शेवटच्या माणसाने दोर सोडून पुढे पाण्यात येऊन पुन्हा धरायचा, असं ते चक्र तास-दोन तास चालतं. ओढणाऱ्यांच्या दोन्ही फळ्या हळूहळू एकमेकींजवळ सरकत येतात. सगळ्यात नाजूक वेळ शेवटची. जाळ्याची खालची, वजनं लावलेली कड वाळूवरून उचलली गेली तर मासळी खालून निसटते, म्हणून दोघं-तिघं पाण्यात उभं राहून ती कड पायाने दाबत येतात. ओढ एका बाजूने जास्त झाली तर जाळं तिरकं होऊन तोंड उघडं पडतं. त्यासाठी एक म्हातारा मधोमध उभा राहून दोन्ही फळ्यांना ओरडून वेग सांगत असतो.

रापण ही एकट्याची नसते. जाळ्याचे तुकडे घराघरांचे, ओढणारे हात घराघरांचे, आणि मासळीचे वाटे त्या हिशोबाने. ओढायला हात लावणाऱ्या पाहुण्यालाही चार बांगडे हातावर ठेवण्याची रीत अजून आहे. ते नाकारू नयेत, आणि त्याचे पैसे देऊ करू नयेत. विकत हवी असेल तर वाटणी संपेपर्यंत बाजूला थांबावं आणि मग बायकांकडे विचारावं. वाटणी चालू असताना मध्ये भाव विचारलेला कोणालाच आवडत नाही.

जाळ्याच्या पोटात बांगडे होते, पण जास्त होते ते पेडवे. बोटभर लांबीचे, पाठीवर निळसर झाक, बाकी चांदी. रापणीची मासळी आणि पर्ससीनची (बोटीवरून अख्खा थवा घेरून उचलणाऱ्या मोठ्या जाळ्याची) मासळी यांतला फरक इथे हातात कळतो. रापणीतला मासा जाळ्यात फार वेळ अडकलेला नसतो, एकमेकांखाली चेपलेला नसतो, त्याचे खवले अंगावर असतात. राज्य सरकारने २०१६ साली पर्ससीन मासेमारीवर कडक बंधनं घातली. तरीही मोठी जाळी थवं किनाऱ्याला येण्याआधीच उचलतात, ही इथल्या प्रत्येक रापणकराची तक्रार आहे, आणि रिकामी रापण ओढून आलेल्या तीस-चाळीस माणसांचे चेहरे बघितले की ती तक्रार पटते.

पेडवे हॉटेलात का मिळत नाहीत, याचं कारण त्यांच्या पोटात आहे. हा तेलकट मासा. जाळ्यात आला तेव्हा त्याचं पोट भरलेलं असेल तर आतले पाचक रस काही तासांत पोटाची पातळ भिंतच पचवून टाकतात आणि पोट फुटतं. बर्फ नसेल तर दुपारपर्यंत मासा गेला. इसवणीच्या तुकड्यांसारखा तो फ्रीजरमध्ये महिनाभर टिकत नाही, साफ करायला वेळ लागतो, आणि काटे. खानावळीच्या वयनी म्हणाल्या, "पेडवे कोण मागता? लोकांका काटे काढूक येनत नाय." ताज्या पेडव्याचे काटे काढावे लागतच नाहीत, शेपटीकडून कणा धरून ओढला की आख्खा सुटून येतो. पाच वर्षांच्या पोराला हे शिकवता येतं, आणि लहानपणीच शिकवलं पाहिजे.

देवबागला होडीने पलीकडे गेलो. कर्ली नदी आणि समुद्र यांच्यामधली ही वाळूची चिंचोळी पट्टी. रस्त्याने जायचं तर मोठा वळसा पडतो. तिथे त्याच सकाळचे पेडवे केळीच्या पानात झाले. अर्धा किलो पेडवे: डोकं मोडून खाली ओढलं की आतडी त्याबरोबर निघते, सुरीची गरज नाही. दोन चमचे लाल तिखट, पाव चमचा हळद, पाऊण चमचा मीठ, ठेचलेल्या आठ लसूण पाकळ्या, पाच आमसुलांचा कोळ, दोन चमचे कच्चं खोबरेल तेल आणि बी काढलेली सहा-सात तिरफळं नुसती चेचून. सगळं हाताने हलकं कालवून पानात एकाच थरात पसरायचं. दोन थर झाले की खालचे मासे शिजून फुटतात आणि वरचे कच्चे राहतात. पान आधी विस्तवावर फिरवून मऊ करायचं, नाहीतर दुमडताना शिरेवर चिरतं आणि रस तव्यावर जळतो. दुहेरी पानाची घडी, मंद आच, झाकण ठेवून दोन्ही बाजूंनी सात-सात मिनिटं. पान बाहेरून काळपट होतं, आत पाणी आटून तेल सुटलेलं असतं. त्याबरोबर उकड्या तांदळाची पेज घ्यावी. सोलकढी यासोबत नको, आंबटावर आंबट होतं.

तिसरा दिवस : मालवण

सकाळी सुकती पावणेदहाला, म्हणून आधी मुळे. कर्लीच्या खाडीत कमरेइतक्या पाण्यात बायका पायाच्या बोटांनी चाचपत मुळे काढतात आणि कमरेला बांधलेल्या पिशवीत टाकतात. वाळूत आणि चिखलात राहणाऱ्या शिंपल्यांची वेगळी निगा लागते. तिसरे आणि मुळे हे शिंपले विकत घेताना दोन एकमेकांवर वाजवावेत: जिवंत असतील तर बंद, घट्ट आवाज येतो, मेलेला पोकळ वाजतो. घरी त्याच खाडीच्या पाण्यात, किंवा एक लिटर पाण्याला दोन मोठे चमचे मीठ घालून त्यात, दोन-तीन तास ठेवायचे म्हणजे ते वाळू बाहेर टाकतात. गोड्या पाण्यात ठेवले तर तोंड मिटून घेतात आणि वाळू आतच राहते. आडाळ्यावर (विळीवर) उघडताना निघणारं पाणी फेकायचं नाही, गाळून सुक्यात वापरायचं. म्हणूनच तिसऱ्यांच्या सुक्यात मीठ शेवटी, चव बघून.

मालवण बंदरावर आणि दांडीच्या किनाऱ्यावर संध्याकाळी चारनंतर होड्या लागतात आणि लिलाव सुरू होतो. समोर सिंधुदुर्ग किल्ला, वाळूवर मासळीचे ढीग, भोवती कोंडाळं. बोली पटकन चढते आणि पटकन संपते. प्रवाशाने बोलीत पडू नये, ढीग फार मोठा असतो. ज्या बाईने ढीग घेतला तिच्याकडून तिथेच किलो-दोन किलो मागावी, थोडी चढी किंमत द्यावी, आणि तिच्याकडूनच साफ करून घ्यावी. करली घेतली तर कापून घेणं सक्तीचं समजा. या लांबट, चंदेरी माशाला चव अप्रतिम, पण मांसात केसासारखे काटे. सराईत हात दोन्ही बाजूंना दोन-दोन मिलिमीटरवर कण्यापर्यंत आडवे छेद देतो, कातडी न तोडता. कडकडीत तळल्यावर ते चिरलेले काटे कुरकुरीत होऊन खाल्ले जातात. छेद विरळ पडले तर करली खाणं ही शिक्षा होते.

बाजारात मुबलक होते ते बांगडे. बांगड्याचं तिखलं मालवणच्या घरांत आठवड्यातून दोनदा होत असे आणि अजूनही होतं. चार मध्यम बांगडे, प्रत्येकाचे तीन तुकडे, डोक्यासकट. दहा-बारा ब्याडगी मिरच्या भिजवून, एक मोठा चमचा धणे, अर्धा चमचा हळद, हे अगदी गंधासारखं वाटायचं. वाटण जाडसर राहिलं तर रस पाण्यापासून वेगळा होतो. फोडणी नाही. रुंद भांड्यात वाटण, दीड वाटी पाणी, सहा आमसुलं, मीठ, आणि दहा-बारा तिरफळं चेचून, बी टाकून. वाटणाला उकळी आल्यावरच बांगडे, आणि मग सात-आठ मिनिटं. डाव घालायचा नाही, भांडं कानांना धरून गोल फिरवायचं. उतरवल्यावर चमचाभर कच्चं खोबरेल, झाकण, आणि किमान एक तास विश्रांती. सकाळचं तिखलं रात्री जास्त चांगलं लागतं, कारण तिरफळाचा वास मुरायला तेवढा वेळ लागतो.

एक सूचना गंभीरपणे घ्यावी. बांगडा आणि तारली उन्हात किंवा गाडीच्या डिकीत तासन्‌तास राहिली तर मांसात हिस्टामाइन तयार होतं. ते शिजवून, तळून जात नाही. तोंडाला चुणचुण, अंगावर लाल चट्टे, डोकेदुखी, आणि लोक त्याला 'मासळीची ॲलर्जी' समजतात. तोंडात चुणचुण जाणवली तर घास तिथेच थांबवावा. बाजारातून खानावळीपर्यंतसुद्धा बर्फात न्यावा.

सोमवारी मालवणात बऱ्याच घरी मासळी शिजत नाही. बाजार लहान असतो, पण आलेली मासळी स्वस्त मिळते. मार्गशीर्षातल्या गुरुवारीही तेच.

चौथा दिवस : आचरामार्गे देवगड

आचऱ्याच्या खाडीवर सकाळी पाग टाकणारे दोघं भाऊ भेटले. पाग हे गोल, फेकायचं जाळं, कडेला शिशाचे मणी. एक मणी दातात धरून, कमरेतून वळून फेकलं की ते हवेत पूर्ण उघडतं आणि पाण्यावर एकाच वेळी सगळीकडून पडलं पाहिजे. एक बाजू आधी पडली तर शेवटा उडी मारून निघून जातो. भरती चढायला लागल्यावर पहिले दोन तास सर्वांत चांगले, कारण मासे पाण्याबरोबर वर चरायला येतात. त्यांच्या पाटीत शेवटे आणि काळुंदर होते, दोन्ही तिथेच विकत मिळाले.

शेवटा चिखल चाळून खातो. त्याचं पोट घरी आल्या आल्या काढलं नाही, तर चिखलाचा वास मांसात उतरतो, आणि पोटातली काळी पातळ पापुद्री मिठाने घासून काढावी लागते. खाडीचा मासा आवडत नाही म्हणणाऱ्या बऱ्याच लोकांनी ती पापुद्री न काढलेला शेवटा खाल्लेला असतो. काळुंदर जाड कातडीची, तळण्यासाठीच जन्मलेली. दोन्ही बाजूंना तीन खोल छेद देऊन मसाला आत भरायचा.

त्या भावांकडून चढणीच्या माशांचाही विषय निघाला. मृगाच्या पहिल्या पावसात ओढ्या-व्हाळांतून शेतापर्यंत चढणारे मासे बत्तीच्या उजेडात धरणं, हा इथल्या प्रत्येकाच्या बालपणाचा भाग. पण ते मासे अंडी घालायलाच चढत असतात. धाकटा भाऊ आता ते धरत नाही, आणि वाडीतल्या पोरांनाही धरू देत नाही. व्हाळात गेल्या काही वर्षांत मळये पुन्हा दिसायला लागलेत असं तो म्हणाला.

देवगडच्या बंदरात ट्रॉलरची मासळी जास्त: राणे, माकूल, वाकटी. बालपणीच्या यादीतलं तिथे फार काही नव्हतं, पण न्यायला सुकी मासळी आणि बर्फ दोन्ही सोयीचं. सुकी मासळी या दिवसांत जपून घ्यावी. हवेत दमटपणा असतो आणि माल आतून ओला राहतो. खारा बांगडा मधोमध मोडून बघावा, वाकला तर ओला, तुटला तर घ्यावा. गोलमो (सुका जवळा) मुठीत दाबून सोडला की सुटा झाला पाहिजे.

ताजी मासळी मुंबई-पुण्याला न्यायची तर थर्माकोलच्या पेटीत मासळीइतकाच बर्फ, वजनाला वजन. बर्फ फोडून बारीक करावा, मोठ्या लादीने मासे चेपतात आणि मधे हवा राहते. तळाला बर्फ, मग मासळी, मग बर्फ, असे थर. बांगडे आतडी काढून, पोटातही बर्फ भरून. पेटीच्या तळाला एका कोपऱ्यात भोक पाडावं आणि खाली डबा ठेवावा, कारण वितळलेल्या पाण्यात दहा तास भिजलेली मासळी घरी पोचेपर्यंत पांढरी आणि बेचव होते. पेडवे मात्र न्यायचेच असतील तर मीठ-हळद-आमसूल लावून, खोबरेलात पूर्ण शिजवून, बर्फातच न्यावेत. पोचल्यावर पुन्हा मंद आचेवर पाच मिनिटं ठेवले की पुरे, दुसऱ्या दिवसापर्यंत उरवू नयेत.